बनुबाईला सांगू नका

सूर्यभान : ...म्हनून म्हनतो डाक्टर, गाठीचं तिला सांगू नका. अल्सर हाय म्हना. मिरजगावात समद्यांना मी त्येच सांगितलंय.

डॉ. रविकांत : सूर्यभानराव, दोन महिने उरले असतील, तर ते बनुबाईंचे आहेत. ते कसे घालवायचे, हे त्यांना ठरवू द्या.

सूर्यभान : चौतीस वर्सं संसार झाला. अंधारात एकटी अंगनात येत न्हाई ती. हे कळलं तर दोन दिसात जाईल.

डॉ. रविकांत : आणि तुम्ही? कुणाशी बोलता?

सूर्यभान : गोठ्यात बसतो घडीभर. तुमी मनाचे डाक्टर, मरनावर पुस्तक लिवलंय म्हनं. आमच्या पुतनीनं, निकितानं वाचलंय. तुमाला बोलायला जमंल.

डॉ. रविकांत : खोटं नाही जमणार.

सूर्यभान : मंग गप ऱ्हावा. तेवढं तरी करा. तिला आत पाठवतो, रिपोर्टाची झेराक्स काढून येतो.

(सूर्यभान बाहेर जातात. बनुबाई आत येऊन बसतात.)

बनुबाई : मागल्या बुधवारी निकितासंगं आल्ते, ते ह्यांना बोलला न्हाईत ना?

डॉ. रविकांत : नाही. तुम्ही नको म्हणाला होतात.

बनुबाई : बरं केलं. गाठीचं मला ठावं हाय, हे कळलं तर मानूस खचंल. सकाळी म्हनत हुते, दिवाळी झाली की तुळजापूरला जाऊ. मी म्हनलं, जाऊ की.

डॉ. रविकांत : दोघं एकाच घरात एकेकटे सोसताय. एकदा समोरासमोर बोला. मी बसतो सोबत.

बनुबाई : तुमच्या पुस्तकात बी त्येच हाय. निकितानं वाचून दाखवलं. बाई गेल्या तुमच्या, तवा तुमी बोलला हुता?

डॉ. रविकांत : नाही. अंबिकाला शेवटपर्यंत म्हणत राहिलो, बरी होशील. पुस्तक नंतर लिहिलं.

बनुबाई : त्यांना ठावं हुतं?

डॉ. रविकांत : तेच मला अजून माहीत नाही.

बनुबाई : असनार, डाक्टर.

(सूर्यभान परत आत येतात.)

सूर्यभान : झेराक्सवाल्याकडं लाईट न्हाई. झालं का गं? काय म्हनले?

बनुबाई : तिखट बंद करा म्हनले. बाकी काय न्हाई.

सूर्यभान : बघ. मी म्हनलं न्हवतं?

डॉ. रविकांत : बसा ना दोघंही. पाच मिनिटं.

सूर्यभान : न्हाई साहेब, माळीवाड्यातनं दीडची यष्टी हाय. लई उपकार झाले तुमचे.