पाचवा दिवस

(जबलपूर, चेरीताल. सन १९१८, दसरा होऊन चार-सहा दिवस झालेले. मागच्या अंगणातली खोली. दाराला आतून कडी. बाहेर सासू, आत सून.)

सासू: काल चौथा होता तर म्हणाली, अजून नाही. आज पाचवा, भानू. पाणी तापलं आहे. न्हाऊन घे अन् घरात ये.

भानुमती: आणखी एक दिवस बाहेर बसते, आत्याबाई. ताट उंबऱ्याशी ठेवा अन् सरका.

सासू: कालचं ताट कावळ्यांनी खाल्लं.

भानुमती: भूक नव्हती.

सासू: बाहेर बसलेल्या बाईची भूक काहून मरेल? अन् सर्वपित्रीला तू बसली होती. सारी पानं मी एकटीनं वाढली, कंबर अजून सांगून राहिली. पंधरा-सोळा दिवस नाही झाले त्याला. महिन्यातून दोनदा बसते का कोणी?

भानुमती: ध्यानात बरं ठेवता.

सासू: सुनेचा विटाळ ध्यानात नाही ठेवायचा तर सासू कशाला झाली मी? खरं बोल.

भानुमती: प्रतिमा या साथीच्या तापात गेली. दवाखान्यातली, माझ्याच वॉर्डात कामाला. दुपारी रोग्यांना पाणी पाजलं, सांजेला स्वतः खाटेवर. ओठ जांभळे पडले. तिसऱ्या दिवशी संपली. त्याच दिवशी घरी येऊन मी इथं बसले. अंगात काही नव्हतं तेव्हा. पण तीच भांडी, तीच फडकी मीही धुतली होती. खरं सांगितलं असतं तर तुम्ही आत आल्या असत्या. विटाळ म्हटलं की तुम्ही चार हात दूर. तेवढंच कुलूप मला ठाऊक होतं.

सासू: तीन वर्षं दवाखान्यातून आली की मागच्या दारी दोन बादल्या ओतायला लावल्या तुला. थंडीतसुद्धा. त्याचा सूड घेतला म्हण.

भानुमती: सूड नाही. त्या बादल्यांनीच घर वाचलं असेल, कोण जाणे. तेव्हा मात्र मनात शिव्या दिल्या.

सासू: मनात? मला ऐकू येत होत्या. ताप आहे?

भानुमती: परवापासून.

सासू: मग दवाखान्यात काहून नाही गेली?

भानुमती: व्हरांड्यातसुद्धा जागा नाही. नथ्थू झाडूवाला जिन्याखाली पडून गेला.

सासू: कडी काढ.

भानुमती: नाही. बेबी घरात आहे. बाप लढाईवर बसऱ्याला गेला तो परतला नाही, आईचं हे असं. आजी तरी राहू द्या तिला.

सासू: बेबी घरात नाही. काल सांजेला तुझा खोकला ऐकला. आज सकाळच्या गाडीनं शेजारचा मुरलीधर तिला सिहोऱ्याला घेऊन गेला, हेमलताकडे. म्हटलं, जा, आत्याकडचे पेरू खा.

भानुमती: मला न विचारता?

सासू: तू मला विचारून बसली होती का?

भानुमती: आत्याबाई, जवळ बसणाऱ्यालाच धरतं हे. आम्ही सेवा करणाऱ्याच आधी पडून राहिलो.

सासू: दसऱ्याला तूच म्हणाली, म्हाताऱ्यांना सोडून जवानांना नेऊन राहिला हा ताप. मला साठ झाली.

भानुमती: म्हाताऱ्याही जातात. कमी जातात, एवढंच.

सासू: पुरे तेवढं. बसऱ्याहून विष्णू गेल्याचा कागद आला त्यात लिहिलं होतं, तापानं गेला. माझ्या लेकाला शेवटचं पाणी कोणी पाजलं, ते नाही लिहिलं. तीन वर्षं भिंतीला विचारून राहिली मी. पुन्हा नाही विचारणार.

भानुमती: विटाळ होईल तुम्हाला.

सासू: घरात आता सोवळ्याचं उरलं कोण?

भानुमती: …तोंडाला फडकं बांधा. दुहेरी. नाकावरून घ्या.

सासू: पदर चालेल?

भानुमती: पदराला सारखा हात लागतो. तुमच्या देवपूजेचं धुतलेलं आहे नं, ते.

सासू: देवाचं?

भानुमती: घरात धुतलेलं तेच आहे.

सासू: थांब… बांधलं. काढ आता कडी.

भानुमती: काढते. उठायला जरा वेळ लागून राहिला.

सासू: लागू दे. मी कुठं चालली?