एका ग्रीक क्रियापदाच्या अकरा ओळी

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे पाहुणे, कोशकचेरीतले माझे सहकारी आणि मागं दाराशी उभे असलेले छापखान्यातले स्नेही,

निरोपाचं बोलण्याआधी ताजी बातमी सांगते. ‘क्सेराइनो’ या प्राचीन ग्रीक क्रियापदाच्या नोंदीचं पान आज दुपारी यंत्रावर चढलं. छापखान्याच्या फोरमननी मघाशीच तसं सांगितलं. अकराच्या अकरा ओळींसह! हसू नका, अध्यक्षांना हे आत्ताच कळतंय.

क्सेराइनो म्हणजे कोरडं करणं. एवढी एकच ओळ ठेवा, असं अध्यक्षमहाराज वर्षभर म्हणताहेत. “बाई, सुकलं काय, वाळलं काय, वाचकाला काय फरक पडतो?”

पडतो. तीस वर्षांपूर्वी मीही एकच ओळ लिहिली होती. एका जुन्या ग्रीक कथेत माणसाच्या हाताबद्दल हे क्रियापद आलं होतं. मी ऐटीत लिहिलं, ‘त्याचा हात कोरडा झाला होता.’ माझी ताई रुग्णालयात परिचारिका. नोंदीची चिठ्ठी वाचून म्हणाली, “टॉवेलनं पुसला का गं? अगं वेडे, हात वाळलाय त्याचा! कामातून गेलाय!”

मग हे क्रियापद असलेलं एकूण एक वाक्य पुन्हा उघडलं. ग्रीकांची नदी याच क्रियापदानं आटते, रोप करपतं, वाहतं रक्त थांबतं आणि उभं पीक कापणीला येतं. त्यांना एक शब्द पुरला, आपल्याला इतके लागतात, म्हणून अकरा ओळी. ही काय आपल्या भाषेची चूक झाली?

कचेरीचा रिवाज सर्वांना ठाऊक आहे. जिनं नोंद लिहिली, तिच्या सहीशिवाय ओळ कापायची नाही. ती निवृत्त झाली की हक्क अध्यक्षांकडे. माझा निरोप एवढ्या घाईनं का ठरला, हे मी विचारत नाही. पण माझी नोकरी आज सहापर्यंत आहे. दुपारी ‘जसंच्या तसं छापा’ लिहून मी सही केली.

पुष्पगुच्छाबद्दल आणि इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल मनापासून आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. अकरा ओळींबद्दल मात्र मी क्षमा मागणार नाही.

उद्या सकाळी दहाला यंत्र सुरू होईल. एकदा चढलेलं पान उतरवायचं, तर अध्यक्षांना स्वतःच्या सहीनं लेखी कारण द्यावं लागतं आणि ते सूचनाफलकावर लागतं. मी नऊलाच येऊन फलकासमोर बसणार आहे. डबा घेऊन.