शेजारचं वायफाय

दाढ ठणकत होती म्हणून निवृत्त पोस्टमास्तर दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसले होते. बाजूला दोन मित्र बोलत होते.

“नेट आलं का तुझं?”

“आलं. आधी कंपनीच्या माणसावर तोंडसुख घेतलं. मग त्यानं राउटर उचलून दाखवला. बाहेरून येणारी वायर त्यात कधी खोचलेलीच नव्हती.”

“मग वर्षभर फोन चालला कशावर?”

“शेजाऱ्याच्या वायफायवर. परवा तो आपला राउटर बंद करून गावाला गेला आणि माझं नेट गेलं.”

“ज्याच्याशी तू बोलत नाहीस, तो?”

“तोच. पासवर्ड हिनं त्याच्या बायकोकडून आणलेला. भांडण आमचं होतं, त्यांचं नव्हतं.”

“त्याला पत्ताच नव्हता?”

“असणारच. कोणाकोणाचे फोन जोडलेत ते त्याला दिसतं. आणि माझ्या फोनला मी माझंच नाव दिलंय, आडनावासकट.”

“तरी तोडलं नाही?”

“नाही.”

आतून पोस्टमास्तरांना बोलावणं आलं. त्यांनी हातानंच मागच्या बाईंना पुढे जायला सांगितलं.

“मग आभार मानलेस का?”

“काल तो परत आला. मुद्दाम त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. इतक्या दिवसांनी काय बोलावं तेच सुचेना.”

“मग?”

“म्हटलं, तुमचं नेट जरा हळू चालतं.”