दुसऱ्या पानावरचा चौकोन

भावजी : ...ते सगळं ठीक, पण हे चौकोन एका रेषेत बसवले कुणी? कवायतीला उभे केल्यासारखे आहेत अगदी.

वहिनी : मी. दुसरं कोण बसवणार? मोठ्या बाई? माउस कुठल्या बाजूने धरायचा याचा निकाल अजून लागायचाय त्यांच्याकडे.

भावजी : हळू बोला. त्यांची केबिन इथे भिंतीपलीकडेच आहे.

वहिनी : मीटिंगला गेल्यात. म्हणून तर तुम्हाला दुकान बंद करून यायला लावलं. फी-सवलतीचा फॉर्म आजच्या आज हवाय. वर्डमध्ये टाइप करून ठेवलाय मी. त्याचा तो भरता येणारा पीडीएफ करायचा. पालकांनी मोबाइलवर भरायचा, बटण दाबायचं, की आला इकडे. सहलीचा केला होता ना, तस्साच.

भावजी : केला होता ना? मग मला कशाला बोलावलंत? माझं गिऱ्हाईक गेलं, त्याचं काय?

वहिनी : तुमच्या गिऱ्हाइकापेक्षा माझ्या हातचा चहा महाग आहे, तो पिताय तुम्ही. त्या फॉर्ममध्ये काही राहून गेलं असेल तर बघा फक्त. नोकरी कायम करायचा कागद बाईंच्या टेबलावर आहे, भावजी. या महिन्यात माझ्या हातून स्वल्पविरामसुद्धा चुकून चालायचं नाही.

भावजी : बघतो. हा सहलीचा तर ओळखीचाच आहे. आमच्या ठकीचा मीच भरला होता. समोर झेरॉक्सची रांग, एका हाताने मोबाइल. मुलीचं नाव, वर्ग, रक्तगट, शाकाहारी, पाठवा. एक नंबर काम झालंय, वहिनी. कागद वाचला, शाई वाचली, शिपायाची फेरी वाचली.

वहिनी : बाई पण तेच म्हणाल्या.

भावजी : मग मी चेष्टा करत नव्हतो म्हणायचं. आता नमुना म्हणून भरून बघतो. नाव... वर्ग... शाकाहारी, टिचकी. खाली दुसरं पान. अरे वा, इथे तुम्ही आधीच खूण करून ठेवलीत?

वहिनी : कुठे?

भावजी : हे काय. ‘पोहता येते’.

वहिनी : नाही हो. तो रिकामा आहे. ज्याला येतं त्यानेच खूण करायची.

भावजी : थांबा. शाकाहारीवरची खूण काढतो. ही पण गेली. पुन्हा करतो. ही पण आली. (हसतो) वहिनी, तुमच्या शाळेत भाजी खाल्ली की पोहता येतं वाटतं!

वहिनी : असं कसं होईल?

भावजी : तुम्ही हा चौकोन कॉपी केलात का?

वहिनी : हो. सहलीच्या सरांनी आयत्या वेळी सांगितलं, पोहण्याचंही विचारून घ्या. पहिल्या पानावर जागा नव्हती. मग शाकाहारीचा चौकोन उचलला आणि दुसऱ्या पानावर नियमांच्या खाली चिकटवला. माप तंतोतंत यावं म्हणून. कॉपी करा, वेळ वाचेल, असं तुम्हीच शिकवलंत.

भावजी : कॉपी करा म्हटलं, नाव बदला असंही म्हटलं होतं. प्रत्येक चौकोनाला आतून एक नाव असतं, वहिनी. कॉपी केली की नावही तेच जातं. आपल्याला दोन दिसतात, मशिनच्या लेखी तो एकच. इथे खूण केली की तिथे आपोआप.

वहिनी : नाव बदला असं तुम्ही मला कधीच म्हणाला नव्हतात.

भावजी : म्हटलं असेन... नसेन. बरं, एवढं काय त्यात. दुरुस्त करू. यात काय... वहिनी?

वहिनी : बस सकाळीच गेली, भावजी.

भावजी : कुठली बस?

वहिनी : सहलीची. मुलं आत्ता तळ्यावर आहेत.

भावजी : ठकी पण...

वहिनी : ठकी पण.

भावजी : हां, पण सर विचारतीलच ना मुलांना. फॉर्म बघून कुणी पाण्यात ढकलत नाही.

वहिनी : पूर्वी विचारायचे. एकेकाला उभं करून. यंदा यादी दिलीय मी. सगळे फॉर्म आले, ते एकदम यादीत ओढले. खूण असेल त्याला हिरवी टोपी, नसेल त्याला पांढरी. टोप्या पिशव्यांत नावानिशी भरून दिल्या मी. हिरवी असेल तो खोल पाण्यात. यादी बघून बाई खूश. म्हणाल्या, आपल्या शाळेत इतकी मुलं पोहतात, मला कल्पनाच नव्हती!

भावजी : आणि तुम्हाला शंका नाही आली?

वहिनी : मला वाटलं, आजकालचे पालक, घालतात क्लासला. तुम्हाला नाही आली? ठकीचा फॉर्म तुम्ही भरलात. दुसरं पान बघितलं का?

भावजी : दुसऱ्या पानावर नियम होते. नियम कोण वाचतं?

वहिनी : पाठवायचं बटण पण दुसऱ्या पानावरच होतं, भावजी. त्या चौकोनाच्या खाली.

भावजी : लावा सरांना फोन.

वहिनी : तेच करतेय. बंद आहे. मोबाइल बंद. पाण्यात उतरताना बॅगेत टाकला असेल.

भावजी : पुन्हा लावा.

वहिनी : बंदच. बाईंना विचारू का आधी? त्यांच्या परवानगीशिवाय मी...

भावजी : विचारा. अर्ज लिहा, बाईंची सही घ्या, जावक क्रमांक टाका. तोवर माझी पोरगी तळाशी बसून वाट बघेल.

वहिनी : असलं तोंडातून काढू नका!

भावजी : मग लावा ना. तिथला दुसरा नंबर असेल, शिबिराच्या घरातला. फॉर्मवरच आहे बघा, खाली. अत्यावश्यक असेल तरच, असं लिहिलंय. हे तुम्हीच टाइप केलंय.

वहिनी : लागला. वाजतोय. स्पीकरवर टाकते. उचल रे बाबा, उचल...

राखणदार : हॅलो. शिबिराचं घर. बोला.

वहिनी : अहो, शाळेची मुलं आलीयत ना तिथे? सरांना फोनवर बोलवा जरा.

राखणदार : पालकांचे फोन घ्यायचे नाहीत, बाई. सरांनी बजावून सांगितलंय. गेल्या खेपेला एका आईने स्वेटर घातला का विचारायला दिवसभर फोन केले.

वहिनी : मी पालक नाही. शाळेतून बोलतेय. ती यादी आहे ना टोप्यांची, तिच्यात थोडा... थोडा फरक आहे. एवढं सरांना कळवायचंय.

राखणदार : कळवतो की. जेवायला वर येतील तेव्हा सांगतो. थोडा फरक म्हणजे काय लिहून घेऊ?

वहिनी : म्हणजे... काही नावं इकडची तिकडे झालीयत. बघून घ्या म्हणावं.

भावजी : बघून घ्या काय! द्या इकडे तो फोन. अहो, ऐका, माझी मुलगी आहे तिथे, तिला पोहता येत नाही...

राखणदार : म्हणजे पालकच. मला वाटलंच. ठेवतो साहेब.

वहिनी : ठेवला! ठेवला त्याने! मध्ये तोंड कशाला घातलंत?

भावजी : तुम्ही नावं इकडची तिकडे करत बसला होतात. काय आहे ते सरळ सांगायला काय होत होतं?

वहिनी : काय होत होतं? सांगितलं की माझ्या नावावर लागलं. त्या फोनवर काय बोलले ते चार ठिकाणी जाणार. तुम्हाला काय, तुमचं दुकान तुमचं. मला इथून काढलं तर तुमच्या भावाच्या एका पगारात घर चालवून दाखवा मला.

भावजी : वहिनी, ती डोक्यावरून पाणी घेताना माझा हात धरते. अजून. आंघोळीला. मग्गा पुढे आला की डोळे घट्ट मिटते.

वहिनी : मला माहितीय. मीच घालते तिला सुट्टीत.

भावजी : मग लावा.

वहिनी : लावलाय. वाजतोय.

राखणदार : हॅलो. शिबिराचं घर.

वहिनी : ठेवू नका. मी शाळेतली क्लार्क बोलतेय. यादी मी केलीय. ती चुकीची आहे, साफ चुकीची आहे, माझ्या हातून चुकलीय. हिरव्या टोप्यांतल्या निम्म्याअधिक मुलांना पोहता येत नाही. ऐकताय का? बुडतील ती. त्यांना पाण्याबाहेर काढा.

राखणदार : आँ? अहो बाई, हिरवे तर मघाशीच उतरले. लाकडी फळीवरून उड्या मारतायत.

भावजी : धावा मग!

राखणदार : धावतो हो, पण तळं खाली उतारावर आहे. माझा हा गुडघा... पोचायला वेळ लागेल. ओरडलो तर ऐकू जाणार नाही, पोरांचा गलकाच केवढा आहे.

वहिनी : घंटा आहे का तिथे? जेवणाची वगैरे?

राखणदार : आहे, पण जेवण शिजायचंय अजून. ती वाजवली तर सगळी पोरं वर येतील ताटं घेऊन. आचारी माझ्या अंगावर येईल.

वहिनी : तेच पाहिजे! वाजवा! आचाऱ्याला माझं नाव सांगा, सगळ्यांना माझं नाव सांगा. वाजवा आणि वाजवत राहा, आणि मग खाली जा. फोन ठेवू नका, तसाच बाजूला ठेवा.

राखणदार : वाजवतो. वाजवतो.

भावजी : ...वाजतेय?

वहिनी : वाजतेय. ऐका.

भावजी : मला फक्त घंटाच ऐकू येतेय. पोरं ऐकू येत नाहीयत.

वहिनी : लांब असतील. उतारावर म्हणाला ना.

भावजी : आता घंटापण थांबली.

वहिनी : तो खाली गेला असेल.

भावजी : त्या गुडघ्याने?

वहिनी : तुम्ही बसा आधी. खुर्चीत बसा. कपाटाला टेकू नका, त्याचा खिळा लागेल.

भावजी : दुकानात पोरांना दहादा सांगतो मी, पाठवण्याआधी एकदा वरपासून खालपर्यंत बघा. गिऱ्हाइकाचा भाडेकरार असेल तर मी स्वतः बोट ठेवून ओळ ओळ वाचतो, कारण त्याचे पैसे मिळतात. आणि घरचा फॉर्म...

वहिनी : तुमचा एकट्याचा होता का? सगळ्यांनी तसाच पाठवला. एकाही घरातून फोन आला नाही की बाई, हे काय. चौकोन मी चिकटवला. पाठवण्याआधी एकदा टिचकी मारून बघितली असती तर कळलं असतं. मी काय बघितलं? रेषेत आहे का.

भावजी : वहिनी, तिच्या आईला...

वहिनी : थांबा. कुणीतरी आलं.

राखणदार : हॅलो... बाई... थांबा, दम खाऊ द्या.

वहिनी : आधी सांगा, मग दम खा.

राखणदार : आली. सगळी वर आली. सरांनी शिट्टी मारून मोजली. आहेत सगळी.

वहिनी : नक्की? परत मोजायला सांगा.

राखणदार : परत पण मोजली, मी समोर होतो. एक पोरगं पाणी प्यायलंय. सरांनी केस धरून ओढून काढलं. ओकलं बिचारं. आता टॉवेलात बसलंय. बोलतंय. डॉक्टरला आणायला गाडी पाठवलीय.

वहिनी : कोण? मुलगा की मुलगी?

राखणदार : मुलगा. आणि बाई, सर फार चिडलेत. तुमच्यावर नाही. म्हणजे तुमच्यावरही. पण जास्त स्वतःवर. तिकडे कपाळाला हात लावून बसलेत. पोरं सांगत होती म्हणे त्यांना, सर, आम्हाला येत नाही. ते म्हणाले, फॉर्मवर लिहिलंय येतं म्हणून, बहाणे नकोत, चला. मग काही उतरली भीतभीत.

भावजी : आणि लहान चणीची एक मुलगी, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला... ठकी म्हणतात तिला.

राखणदार : ती होय? ती फळीच्या टोकाला उभी होती हो. मी खाली पोचलो तेव्हा तिथेच. बाकीची घंटा ऐकून पळत सुटली, ही हलेना. उडी मारायची नाही, मागे पण यायचं नाही. सरांनी उचलून आणली. थांबा, इथेच दारात उभी आहे माझ्यामागे लागून. घे गं, बोल. घरचं माणूस आहे.

भावजी : वहिनी, तुम्ही बोला.

वहिनी : ठके? बाळा, मी बोलतेय.

ठकी : काकू?

वहिनी : हो राणी. थंडी वाजतेय का? कोरडे कपडे घातलेस का?

ठकी : हो. काकू, सर म्हणाले, यादी तू केलीस.

वहिनी : हो. मीच केली.

ठकी : मग तू सांग ना. मला पोहता येतं का?