घराला कुलूप दिसायला नको

वकील : म्हणजे इमारत धोक्याची आहे, असं तुमचे यजमान तोंडाने कधीच बोलले नाहीत.

वहिनी : नाही. तोंडाने फक्त "बांधकाम पक्कं आहे" म्हणायचे. बिल्डरच्या पगारावरचा इंजिनिअर दुसरं काय म्हणणार?

दीर : वहिनी, दादा हृदयाचा झटका येऊन वारला त्याला अजून वर्ष झालं नाही. जरा जपून बोला.

वहिनी : जपूनच बोलतेय, भाऊजी. खालच्या शिवणवाल्या बाई आणि त्यांच्या दोन्ही मुली त्या इमारतीखाली गेल्या. त्यांच्या नवऱ्याने बिल्डरवर हा दावा लावलाय. त्याच्या तोंडाकडे बघितलं की याहून जपून बोलता येत नाही.

वकील : ते राहू द्या. मला कोर्टात टिकेल असं काही द्या. बोलले नाहीत, मग केलं काय?

वहिनी : इमारत पडायच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंना खुर्चीत बसवून खाली नेलं आणि भाऊजींकडे पोचवलं. पाठोपाठ स्वतःची पुस्तकं, कपाट, भिंतीवरचं घड्याळसुद्धा.

दीर : आईला जिना चढवत नव्हता, म्हणून नेलं.

वहिनी : आम्ही पहिल्या मजल्यावर. तुम्ही तुमच्या इमारतीत चौथ्यावर, आणि लिफ्ट नाही. तुमच्याकडे काय आई उडत जायच्या?

वकील : हे छान आहे, पण समोरचा वकील काय म्हणेल ते ऐका. आईला हलवलं म्हणजे ते न बोलता "इमारत पडणार" असंच म्हणत होते, हे तुम्ही कोर्टाला पटवताय. गेलेल्या माणसाचं म्हणणं, तेही त्यांनी न म्हटलेलं, तुमच्या तोंडून. सांगोवांगीचा पुरावा. उलटतपासणीला त्यांना आणायचं कुठून?

वहिनी : खुर्ची एका बाजूने मी धरली होती. ते मला कुणी सांगितलेलं नाही.

वकील : खुर्ची उचलली, ते तुम्ही पाहिलंत. का उचलली, ते त्यांच्या डोक्यात. तिथे तुम्ही शिरला होतात?

वहिनी : तिथे जागा कुठे होती? ते स्वतःच भरून राहिलेले.

दीर : मी पहिल्यापासून सांगतोय, यात काही दम नाही.

वकील : तुम्ही गप्प बसा, नाहीतर तुमच्या चौथ्या मजल्यालाच साक्षीला बोलवीन. बाई, खरी अडचण पुढेच आहे. त्या आठवड्यात तुम्ही कुठे होतात?

वहिनी : तिथेच. घरी.

वकील : झालं मग. इमारत पडणार हे माहीत असतं, तर बायकोला मागे ठेवलं असतं का? एवढा एक प्रश्न आणि तुमची खुर्ची मोडली.

दीर : तेच तर. दादा असा नव्हता.

(वहिनी समोरचा पाण्याचा पेला बाजूला सरकवते.)

वहिनी : मी बॅग भरली होती. मला म्हणाले, तू राहा. संध्याकाळी दिवा लावत जा, गॅलरीत कपडे वाळत घालत जा. इंजिनिअरच्या घराला कुलूप दिसलं तर लोक विचारायला लागतील.

वकील : हे इतके दिवस का नाही सांगितलंत?

वहिनी : इमारतीबद्दल काय बोलले, एवढंच तुम्ही विचारलंत. हे माझ्याबद्दल होतं.

वकील : बाई, हा हुकूम आहे. हुकूम खरा की खोटा, असा प्रश्नच येत नाही. त्यांनी दिला, तुम्ही स्वतः ऐकलात. हा सांगोवांगी म्हणून उडवायला समोरच्या वकिलाला घाम फुटेल.

दीर : वहिनी, आई अजून आहे. तिने कुठे तोंड दाखवायचं? आणि तुमची काय शोभा होईल? नवऱ्याने कपडे वाळत घालायला मागे ठेवलेली बाई म्हणतील.

वहिनी : म्हणू देत. तीच होते मी. जिन्याच्या खांबाला तडा गेला तेव्हा शिवणवाल्या बाई निघायच्या विचारात होत्या. मग वर बघून म्हणाल्या, तुमचे कपडे वाळताहेत, म्हणजे आम्हाला कसली भीती.

वकील : हे सगळं सांगाल, तरी समोरचा वकील विचारेल. नवरा इतका खालच्या थराला जाईल, हे कोण मानेल?

वहिनी : मीही मानलं नव्हतं, असं सांगेन. ढिगाऱ्याखाली विचार करायला पुष्कळ वेळ मिळाला.