दाव्यावर घेतलेली मोटार

माझा जन्म पोलादपूरच्या वरच्या अंगाला, एका वाडीत. बाप गाडीवान, त्याचा बाप गाडीवान, मी पण तेच. महाडच्या पेठेतनं मीठ नि सुकट भरायची, घाट चढायचा, वरनं गूळ-बटाटे घेऊन खाली यायचं. शाळा म्हणाल तर बैलाच्या शेपटीमागं झाली. लगीन झालं भागीशी. ती कुडपणची, तोंडानं तिखट. ती गेली तरी अजून चुलीकडं बघतो मी, भाकरी का वाढत नाय म्हणून. असू द्या.

तर मोटारीचं सांगतो. घाटात मोटारी आल्या नि आमच्या गाड्यांना कोण विचारीना. आमचा पोरगा धोंडू मुंबईत एका शेटकडं मोटार हाकायला शिकलेला. भागी बोलली, अवो, बैल म्हातारे झाले, तुमी पण झालात, दोघांतलं एक तरी बदला. म्हणून धोंडूला घेऊन घाटावर गेलो. तिकडं संस्थान, राजाचं राज्य, इकडं आमच्यावर इंग्रज. संस्थानाचं नाव नाय घेत, तिथलं पाणी प्यालोय मी. तिथल्या एका इनामदाराची जुनी मोटार ठरवली.

आता काय सांगू तुम्हाला, आमच्यात बैल घेतला की कागद नसतो. देणाऱ्याच्या घरची बाई शिंगांना हळदकुंकू लावते, धनी नवं दावं घेणाऱ्याच्या हातात देतो, झाला बैल तुमचा. मी तसंच मागितलं. इनामदार हसला, पण दिलं त्यानं दावं, आणि त्याच्या बायकोनं, आक्कांनी, मोटारीच्या दोन्ही दिव्यांना कुंकू लावलं. कागद जमिनीला असतो, चालत्या जिनसाला कशाला, असं मला वाटलं. धोंडूला तरी काय ठावं, तो दुसऱ्याची मोटार हाकणारा.

घाट उतरलो नि नाक्यावर फौजदारानं अडवलं. मोटार कुणाची रे? माझी. कागद? मी दावं दाखवलं. तो शिपायाला बोलला, याला माझ्या घोड्यापासनं लांब ठेव, उद्या दावं दाखवून त्यो पण नेईल. मग समजावलं त्यानं, माणूस वाईट नव्हता. नंबर संस्थानचा, नाव इनामदाराचं. त्याची सही आण, तिकडच्या कचेरीतनं नाव काढ, मग इकडं नवा नंबर. तोवर रस्त्यावर आणलीस तर जप्त करीन.

मोटार गोठ्यात गेली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. नि वाडी काय बोलली? चोरीची हाय. शेजारची सरू तर पाणवठ्यावर सगळ्यांदेखत बोलली. भागीनं घागर खाली ठेवली नि बोलली, चोरीची असती तर पेंढ्यात दडवली असती गो, मी रोज पुसते तिला, ये बघायला. पण घरी येऊन मला बोलली, कागद आणा. मोटार नाय चालली तरी चालंल, पण ह्ये तोंडाला लागलेलं मला पुसायचं हाय.

वर गेलो तर इनामदार तापानं गेलेला. त्याचा धाकटा भाऊ बोलला, नाव दादाचं हाय ना? मग मोटार परत आण. कचेरीत गेलो, ते बोलले वारस बायको हाय, तिची सही लागंल. पण नवरा गेलेल्या बाईची रीत, आक्का घरात कोंडून, वरीसभर कुणापुढं यायच्या नाहीत. तसाच परत आलो. पुन्हा निघालो तेव्हा भागी अंथरुणाला होती. मी थांबतो बोललो. ती बोलली, जावा तुमी, मी कुठं जात नाय. नि गेली. मी घाटातच होतो.

तिच्या दहाव्या दिवसाला माणसं जमली तेव्हा कुणीतरी मागनं बोललं, चोरीचं घरात आलं नि बाईला घेऊन गेलं. धोंडू बोलला, बाबा, मोटार त्यांची त्यांना देऊन टाकू. मी बोललो, तुझ्या आयशीला चोराची बायको म्हणून नाय जाऊ देणार. तेरावा झाला नि दुसऱ्या दिवशी उठून घाट चढलो.

इनामदाराच्या दारात बसलो. धाकटा बोलला, ऊठ. नाय उठलो. बोलला, शिपाई बोलवू? बोलव बोललो, माझं घरी कुणी वाट बघणारं नाय. ते आतनं आक्कांनी ऐकलं. माझं भादरलेलं डोकं बघून दाराआडनं विचारलं, कोण गेलं? बायको, बोललो. त्या उंबऱ्यावर आल्या, कपाळ मोकळं. दिराला बोलल्या, भावजी, कुंकू माझ्या हातचं होतं. आपल्या घरानं पाठवणी केलेलं परत मागितलं असं मला ऐकायचं नाय. कारकुनाला इथं बोलवा. तिथंच ओटीवर सही केली त्यांनी. मी पाया पडलो, त्या नुसत्या बोलल्या, सांभाळून उतरा.

पुढं जिल्ह्याच्या कचेरीत खेपा झाल्या, पण त्या पायानं होणाऱ्या, त्याचं काय नाय. नंबर मिळाला. आता धोंडू महाड-पोलादपूर मोटार हाकतो. परवा सरू बाजाराला निघाली, मोटारीच्या दारात घुटमळली. मी बोललो, बस गो, आधी कागद दाखवू का? मान खाली घालून बसली बिचारी. तिचंही भलं होवो.

मी नाय बसत. भागी एवढी झगडली, पण चालत्या मोटारीत एकदा पण नाय बसली. दुपारची गोठ्यात जायची, उभ्या मोटारीत मागच्या बाकावर बसून तांदूळ निवडायची, नि मला बोलायची, गार वाटतं हो इथं.