नळीतले दोन थेंब

मावशी: बंद आहे बाई. बोर्डावरचे फुगे नुसते शोभेला आहेत. बंदुकीत जीव नाही.

छर्री: तेच ऐकून आले. बागेचा माळी म्हणाला, आठवडाभर छर्रा फुग्यापर्यंत पोचतच नाही.

मावशी: पोचतो कधी कधी. टेकतो आणि खाली पडतो. काल एक आजोबा म्हणाले, यापेक्षा मी फुंकून फोडतो. मुलगा संध्याकाळी नवी घेऊन येतोय, ही जाणार भंगारात. तुम्ही उद्या या.

छर्री: मी नेम धरायला नाही आले. ही पेटी बघा, हत्यारं आहेत. दुरुस्त करायला आलेय. आणि मला कसलं 'तुम्ही' म्हणता? रोज संध्याकाळी बंदूक पुसायची आणि बदल्यात दहा छर्रे मारून घरी जायची, ती पोरगी आठवते?

मावशी: छर्री?

छर्री: छर्रीच.

मावशी: अगं, बंदूक तुझ्यापेक्षा लांब होती तेव्हा. बस. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो. इकडे बस. कुठे होतीस एवढी वर्षं?

छर्री: नेमबाजीच्या क्लबात. आधी नेम मारायला, आता बंदुका सांभाळायला. साफसफाई, तेलपाणी, दुरुस्ती सगळं माझ्याकडे.

मावशी: तेलपाणी मीच शिकवलं की तुला.

छर्री: तुम्हीच. द्या इकडे तिला. आधी नळी खाली वाकवून बघते, आत छर्रा नाही ना.

मावशी: रिकामी आहे. मी सांगते ना.

छर्री: 'कोणाच्या सांगण्यावर जायचं नाही, डोळ्यांनी बघायचं.' हे कोण म्हणायचं? क्लबातल्या प्रत्येक नव्या पोराला मी हेच पहिलं सांगते. 'आमच्या मावशी म्हणायच्या' असं म्हणून सांगते.

मावशी: चल, काहीतरीच. ते तुझ्या काकांचं वाक्य. मी आपली पोपटासारखी म्हणायचे.

छर्री: आता जरा मागे सरा. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. शिकंज्यात न धरता सोडली तर थेट तोंडावर येते. हं. ही बघा, दोन तुकडे झालेत.

मावशी: आणि हे काळं काय?

छर्री: वॉशर. चामड्याचं होतं.

मावशी: कोळसा झालाय नुसता. तेल कमी पडलं का गं?

छर्री: नवं वॉशर आहे माझ्याकडे. बसवते.

मावशी: मी काय विचारलं? तुझं तोंड का उतरलं?

छर्री: कमी नाही पडलं, मावशी. जास्त पडलं.

मावशी: रोज दोन थेंब, नळीतून आत. ह्यांनी घालून दिलं तसंच. चुकून कधी तिसरा पडला नाही.

छर्री: माहीत आहे. मीही तेच करायचे. पण आत तेल नसतं घालायचं. चामड्याला महिन्या-दोन महिन्यांतून एखादा थेंब पुरतो, तोही निराळ्या तेलाचा. आपलं शिलाई मशीनचं तेल आत गेलं की चाप ओढल्यावर पेटतं. तो मोठा बार व्हायचा ना, धूर निघायचा? ते तेल जळायचं. त्याने वॉशर जळतं, स्प्रिंग तुटते.

मावशी: म्हणजे माझ्या हातानेच मेली ही. ह्यांनी जाताना घर नाही, दार नाही, हिला माझ्या हाती दिलं. आणि तीन वर्षं मी तिला रोज विष पाजत होते.

छर्री: असं नका म्हणू. मी काय केलं होतं ऐका. क्लबातला पहिला दिवस. त्यांनी मोठ्या विश्वासाने महागाची बंदूक हातात दिली. मला वाटलं, हिला कोणी तेल घातलेलं दिसत नाही. खिशात बाटली होतीच. घातले दोन थेंब.

मावशी: अरे देवा.

छर्री: असा बार झाला की सगळे आडवे झाले. मास्तर म्हणाले, हिला आत्ताच्या आत्ता घरी पाठवा. तेव्हा तिथले म्हातारे मिस्त्री मधे पडले. म्हणाले, जी पोरगी चूक इतक्या नेमाने करते, तिला बरोबर काय ते सांगितलं तर तेही नेमानेच करील. ही मला द्या. तो नेम मला तुम्ही लावलात, मावशी. मी आज जेवते आहे ती त्यावर.

मावशी: तुझं गोड बोलणं राहू दे. ह्यांनी मला चुकीचं शिकवलं, हे काही मला पटत नाही. अर्धं आयुष्य बंदुकीच्या कारखान्यात गेलं त्यांचं. कान गेले तिथे, पण हात नाही गेला.

छर्री: तेच मलाही कोडं आहे. कारखान्यातल्या माणसाला हे ठाऊक नाही, असं होणारच नाही. पहिल्यापासून घालायचे तेल?

मावशी: पहिल्यापासून नाही. पहिल्या वर्षी बार होत नव्हता. मग ह्यांना छर्रा लागला. बोर्डावर फुगे टाचत होते आणि मागून गिऱ्हाइकाने मारला. खांद्याला लागला, मानेपासून चार बोटांवर. ते बरे होऊन उभे राहिले, तेव्हापासून तेल सुरू झालं.

छर्री: काकांना वाटलं असेल, गिऱ्हाइकाचं मारून झालंय.

मावशी: वाटणारच. बंदुकीचा आवाज त्यांना येतच नव्हता. पुढे मात्र असं कधी झालं नाही. बार झाला की मगच ते वळून बोर्डाकडे...

छर्री: मावशी?

मावशी: बार झाला की मगच.

छर्री: तेवढा मोठा बार त्यांना ऐकू यायचा.

मावशी: डाव्या कानाने थोडं यायचं. आणि मला म्हणाले, तेल घाल, बंदूक खूश राहते. दर वर्षी बाग बंद असायची त्या आठवड्यात घरी हिचं पोट उघडून बसायचे. चामड्याचा गोल कापायचे, नवी स्प्रिंग घालायचे. मला वाटायचं, हौस. मी वर टोमणे मारायचे, माझी दुखणी राहिली बाजूला आणि हिची बाळंतपणं चाललीत.

छर्री: तेल तिला जाळतं हे काकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर वर्षाला वॉशर बदलायचे.

मावशी: सांगितलं का नाही मला?

छर्री: तुम्ही घाबरला असता. त्यांना बोर्डाजवळ उभं राहू दिलं असतंत?

मावशी: राहू दिलं नसतं. दुकानच बंद केलं असतं मी. माझ्या त्या दोन थेंबांनी माणूस एवढी वर्षं सुखरूप घरी आणला, छर्री. आणि मी मघाशी त्याला विष म्हणाले.

(छर्री नवी स्प्रिंग आणि वॉशर बसवून बंदूक जोडते. मावशी एक लाल फुगा फुगवून बोर्डावर टाचतात आणि परत येतात.)

छर्री: आता नीट ऐका. नळीत कोरडी चिंधी, दोरीला बांधून मागून पुढे ओढायची. स्वच्छ बाहेर येईपर्यंत. सांध्याला किंचित वंगण. आत काही नाही. आतलं मी महिन्याच्या महिन्याला येऊन बघेन.

मावशी: आणि माझे दोन थेंब?

छर्री: फडक्यावर घ्या आणि बाहेरून सगळी पुसून काढा. हातांच्या घामाने लोखंड गंजतं. तिथे रोज दोन थेंब लागतातच.

मावशी: मग मोडत नाही म्हणायचा नेम.

छर्री: मारा आता. तुमच्या हाताने.

मावशी: एवढाच आवाज?

छर्री: हा तिचा खरा आवाज. फुगा बघा.

मावशी: फुटला की. फुग्यानेच जास्त आवाज केला. थांब, पोराला फोन करते, म्हणावं नवी आणू नकोस. आणि हे घे.

छर्री: मावशी, मी तुमच्याकडून काही घेणार नाही. उलट मीच...

मावशी: हात पुढे कर. बंदूक पुसलीस ना आज? दहा आहेत, मोजून घे.